चार दिवसांसाठी नवाब

फेब्रुवारी लागला की आमच्या गल्लीतल्या पोरी हळू चालायला लागतात. जून-जुलैत याच पोरी जिने धडाधडा उतरतात, मेसच्या भाजीवरून कुरकुरतात, गच्चीवर केस वाळवत तास तास बसतात. माघ संपत आला की सगळं मंदावतं. सकाळी अजून गारवा असतो, दुपारी डांबर तापतं, कडुलिंबाची पिवळी पानं अंगणात पडत राहतात, आणि झेरॉक्सच्या दुकानासमोर पोरी हातात कागद धरून नुसत्या उभ्या दिसतात. वाचत नसतात, बोलत नसतात. लातूरचा हा परीक्षेचा ऋतू पंचांगात नाही, पण आमच्या भागात तो सणासारखा नेमानं येतो.

यंदाही आला. परवा समोरच्या घरातून कुणीतरी पोर रडल्याचा आवाज आला, मग तिच्या मैत्रिणीचा समजावण्याचा, मग दोन्ही बंद झाले. मी अंगणातली पानं झाडत होते. हात थांबला, आणि मला गेल्या वर्षीची पाल आठवली. रडणाऱ्या पोरीवरून पाल का आठवावी, हे मला नीट सांगता येणार नाही. गेल्या वर्षीचं काहीच मला नीट सांगता येत नाही. जे झालं ते तेवढं सांगते.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आमचे हे पाटबंधारे खात्यात. दोघंही निवृत्त. मुलगा पुण्याला. वरच्या दोन खोल्या आम्ही डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना देतो. गेल्या वर्षी त्यातल्या एका खोलीत नाझिया होती. नांदेडची. तिच्या वडिलांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान. दोनदा परीक्षा देऊन झाली होती, ही तिसरी खेप.

आमचं घर कडक शाकाहारी. अंडं घातलेला केकसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. हे तर सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय चहालाही तोंड लावत नाहीत. नाझियाचे वडील खोली बघायला आले तेव्हा आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाले, "बाई, घरात मांस-मच्छी काही आणणार नाही ती. जबान देतो." त्यांच्या चपलांवरची धूळ बघून कळत होतं की हे त्या दिवशीचं पहिलं घर नाही. आम्ही अजून अट घातली नव्हती आणि त्यांनी ती मान्यही केली होती, याची मला उगीच लाज वाटली. मी लगेच हो म्हटलं. ह्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

पोरगी गुणाची निघाली. सप्टेंबरात एकदा तिच्या खोलीत छत गळतंय का बघायला गेले, तर टेबलाखाली काचेची पेटी. आत उपडं खापर, पाण्याची वाटी, आणि खापरातून बाहेर आलेलं एक तोंड. पिवळं, त्यावर काळे ठिपके, आणि माझ्याकडे रोखलेले डोळे. मी दारापर्यंत मागं सरकले.

"काय हाय हे?"

"पाल आहे, काकू. म्हणजे नवाब आहे."

हैदराबादच्या तिच्या मावसबहिणीची ती पाल. बहीण लग्न होऊन परदेशी गेली आणि जाताना हिच्या हवाली करून गेली. सरकारी नोंदीचे कागद होते, तेही तिनं काढून दाखवले. मला कागदात रस नव्हता.

"आणि खातं काय?"

"किडे."

"आपलं काय ठरलं होतं, नाझिया?"

"ते माणसांचं ठरलं होतं, काकू."

मी खाली आले आणि ह्यांना काही सांगितलं नाही. आधी वाटलं संध्याकाळी सांगू, मग वाटलं रविवारी, मग दिवाळी आली.

आपल्या भिंतीवरची पाल कधी डोळे मिटत नाही. ही मिटायची. हिला पापण्या होत्या. जेवण झालं की पापण्या अर्ध्या खाली आणून बसायची, दुपारच्या तासाला वर्गात बसलेल्या पोरासारखी. भिंतीवर चढायची नाही. शेपटी जाड, गाजरासारखी. नाझिया सांगायची, सगळी चरबी तिथंच साठवतात हे, उपासमार झाली की तिच्यावर निघतं. मला बोलताना नेहमी अडायला व्हायचं. पाल म्हटलं की ती, नवाब म्हटलं की तो. "ती जेवला का?" असं एकदा मी विचारलं, तेव्हा नाझिया इतकी हसली की शेजारच्या खोलीतली पोर बघायला आली. तिचं तसं हसणं मी त्यानंतर फारसं ऐकलं नाही.

फेब्रुवारीत ती क्लासमध्ये चक्कर येऊन पडली. वडील नांदेडहून आले. तिचं डोकं तपासलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. अशक्तपणा आहे, घरी न्या, डॉक्टर म्हणाले. मेसचा डबा महिनाभर जवळजवळ भरलेलाच परत जात होता, हे मला तिच्या मैत्रिणीकडून त्या दिवशी कळलं. मी रोज जिन्याखालून विचारत होते, "जेवलीस का गं? अभ्यास झाला का?" आणि ती रोज "हाव काकू" म्हणत होती. तेवढ्यावर माझं समाधान होत होतं.

निघताना ती रिक्षात बसली, उतरली, परत माझ्याकडे आली. "काकू, चार दिवस नवाबला बघाल? बसमध्ये त्याला सोसणार नाही."

"बघीन की."

चार दिवसांचे आठ झाले. मी फोन केला की तिचे वडील उचलायचे. "तबियत जरा ठीक नाही तिची, बाई. झोपली आहे." सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली. एकदा ते म्हणाले, "त्या जनावराचा तुम्हाला त्रास असेल तर सोडून द्या कुठं तरी." मी म्हटलं, "त्रास नाही." खरं म्हणजे त्रास होता. नाझियानं ठेवून गेलेल्या कोंड्याच्या डब्यातले पिवळे किडे चिमट्यानं उचलून मी त्याच्यासमोर सोडत होते, आणि प्रत्येक वेळी मान दुसरीकडं वळवत होते. जन्मात मुंगीसुद्धा जाणूनबुजून मारली नाही. आता एकाला जगवायला दुसऱ्याला रोज मरणाच्या दारात उभं करायचं, आणि याला काळजी घेणं म्हणायचं.

त्याच सुमाराला दोन घरं सोडून बोअर पाडायचं काम निघालं. दोन दिवस मशीन चालली. घरातल्या कपबशा हलत होत्या, तुळशीवर राखाडी धुरळा बसला होता. त्या दोन दिवसांत नवाब खापराखालून बाहेरच आला नाही. मला वाटलं, आवाज थांबला की येईल. आवाज थांबला, पाणी लागलं, शेजाऱ्यांनी पेढे वाटले. नवाब आला नाही. समोर टाकलेले किडे वाळूवर फिरत राहायचे आणि मी ते परत डब्यात टाकायचे. आठवड्यात शेपटी पेन्सिलीएवढी झाली. पायाच्या बोटांवर जुनी कात अडकून राहिली, आणि चालताना मागचे पाय लटपटायला लागले.

मी नाझियाला रोज एक फोटो पाठवत होते, खापराच्या बाजूनं काढलेला, तोंडाचाच. खाली लिहायचे, "नवाब मजेत आहे. तू तब्येत सांभाळ." दोन निळ्या खुणा उमटायच्या. उत्तर यायचं नाही. आजारी पोरीला आजारी जनावराची बातमी कशाला द्यायची, असं मी स्वतःला सांगत होते. शिक्षकी पेशात छत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि उतारवयात रोज सकाळी मोबाईलवर खोटं टाइप करायला बसले.

शेवटी बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, आत मऊ फडकं घातलं, नवाबला ठेवलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. पुढं एक म्हैस होती, दोन शेळ्या होत्या. शेळीवाली बाई माझ्या खोक्याकडे बघत होती.

"काय हाय बाई डब्ब्यात?"

"पाल हाय."

"आजारी हाय का?"

"हाव."

तिनं जरा विचार केला. "लेकराची हाय का?"

"हाव," मी म्हटलं, "लेकराची." बाईनं आपला रांगेतला नंबर मला दिला. म्हणाली, शेळीला काय नुसता खोकलाय.

डॉक्टर वयस्कर होते. चष्मा लावून त्यांनी खोक्यात पाहिलं, हात धुऊन आले, परत पाहिलं. "तीस वर्षं म्हशी बघून राहिलो, बाई. पाल पहिल्यांदाच." पण त्यांनी हाकललं नाही. बोटाच्या टोकानं जबडा दाबून पाहिला, "मऊ लागून राहिला," म्हणाले, आणि त्यांचा एक विद्यार्थी हैदराबादला पक्षी-कासवं-सापांचा डॉक्टर आहे, त्याला व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ दोघं बोलले. मग मला समजावून सांगितलं. अंगात कॅल्शियम कमी पडलंय, म्हणून जबडा मऊ, म्हणून पाय लटपटतात. आणि भेदरलाय. मालकीण गेली, जागेचा वास बदलला, वर त्या मशीनचे हादरे. भेदरलं की खाणं सोडतात, खाणं सोडलं की दुबळे होतात, दुबळं झालं की आणखी भेदरतात.

"म्हणजे आधी भीती का आधी आजार?" मी विचारलं.

"ते मला न्हाई सांगता येणार," डॉक्टर म्हणाले. "दोन्हीला एकदमच धरावं लागतंय."

पातळ कॅल्शियमचा एकेक थेंब ओठाच्या कडेला लावायचा, बिनसुईच्या सिरिंजनं. रोज दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवायचे, म्हणजे कात सुटेल. पोटाखालून ऊब, अंधार, शांतता. "आणि एक," डॉक्टर खोकं परत देताना म्हणाले, "घडीघडी उचलून बघू नका. काचेपाशी बसून राहू नका. तुमचं बघणंबी त्याला ओझंच हाय."

हे वाक्य घेऊन मी घरी आले. बघायचं नाही, मग काळजी घ्यायची कशी? मला काळजी घेण्याचा दुसरा प्रकार माहीतच नव्हता. मुलाच्या परीक्षेत मी त्याच्या मागं खुर्ची टाकून बसायची. नाझियाला दिवसातून चारदा जिन्यातून हाक मारायची. आणि जे बघायला पाहिजे होतं ते तर दिसलंच नव्हतं.

घरात सगळ्यात शांत, उबदार जागा म्हणजे धान्याची कोठी. रस्त्यापासून लांब, खिडकी लहान. पण कोठी देवघराला लागून. आता ह्यांच्यापासून लपवणं शक्य नव्हतं. मी पेटी घेऊन जिना उतरत असताना हे समोर उभे.

"काय घेऊन राहिलीस?"

"नाझियाची पाल."

"पाल भिंतीवर असते. पेटीत कशाला?"

"ही भिंतीवर नाही चढत."

ह्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ. मी देवाधर्माचं, सोवळ्याचं काहीतरी ऐकायची तयारी ठेवली होती. हे म्हणाले, "मग जगते कशी?" आणि पेटीची दुसरी बाजू धरली.

किड्यांचं कळल्यावर मात्र ते बिथरले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "किडा बी जीवच हाय."

"हाय ना."

"मग?"

"मग काय? पालही जीव हाय. मला नाही उलगडत. तुम्हाला उलगडलं तर सांगा."

चार-पाच दिवसांनी मी कोठीत गेले तर हे चाळणी घेऊन उभे. तुरीच्या डाळीला कीड लागली होती. दरवर्षी हे ती चाळून, अंगणाच्या कडेला नेऊन सोडतात. कीडनाशकाची गोळी घालू देत नाहीत. त्या दिवशी चाळणीत वळवळणारे ते काळे जीव घेऊन ते पेटी आणि दार यांच्या मधोमध उभे होते. मला बघून अवघडले. "हे चालतात का त्याला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी कोंड्यातलेच सांगितलेत. ते "बरं" म्हणाले आणि चाळणी घेऊन अंगणात गेले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं का हिरमुसल्यासारखं, मला चेहऱ्यावरून कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं.

वीज गेली की पेटीखालचं विजेचं पॅड थंड पडायचं. मग मी रबरी पिशवीत कोमट पाणी भरून पेटीखाली सरकवायची. दिवेलागणीला, म्हणजे त्याच्या उठायच्या वेळेला, कॅल्शियमचा थेंब. पहिले आठ दिवस तो तोंड फिरवायचा. नवव्या दिवशी जीभ बाहेर आली, गुलाबी, इवलीशी, आणि तिनं थेंब चाटला. मी हळूच कोठीतून बाहेर आले आणि पोळ्या लाटायला बसले, तर पोळपाट दिसेना, डोळे भरलेले.

त्याच संध्याकाळी नाझियाचा पहिला मेसेज आला. सकाळी तोंडाचा फोटो काढताना घाईत त्यात अख्खी पेटी आली होती.

"काकू, खोटं नका बोलू. शेपटी दिसते फोटोत."

मी तो मेसेज कितीदा वाचला असेल. मग लिहिलं, "चूक झाली. महिनाभर आजारी आहे. आज पहिल्यांदा थेंब चाटला." थोड्या वेळानं उत्तर आलं. "मला माहीत होतं. तुम्ही रोज मजेत आहे म्हणत होत्या म्हणून मला वाटलं मेला असेल, जुनेच फोटो पाठवत असाल." त्याखाली आणखी एक. "अब्बा पण सगळ्यांना सांगतात मी मजेत आहे."

मी तिला सावरायला खोटं बोलले होते. माझ्या त्या खोट्यानंच तिनं महिनाभर त्याला मेलेला धरलं होतं. तेव्हापासून मी जसं आहे तसं लिहायला लागले. आज खाल्लं नाही. आज अर्धा किडा खाल्ला, अर्धा टाकला. आज डाव्या पायाची कात सुटली आणि ती त्यानंच खाऊन टाकली, हे असं करतात का? ती उत्तर द्यायची, कधी एका शब्दाचं. हाव. करतात. मग हळूहळू तीही लिहू लागली. आज अम्मीनं बळंच शिरा खाऊ घातला. आज दुकानात बसले. आज पुस्तक उघडलं, बंद केलं. मी त्यावर काही सल्ला द्यायची नाही. बोटं शिवशिवायची, तरी नाही.

एप्रिलच्या मध्याला शेपटी पुन्हा भरली होती. पण नवाबचं काहीतरी बिनसलं. खाणं पुन्हा सुटलं आणि तो पेटीच्या कोपऱ्यात सारखा खणायला लागला. पुढच्या पायांनी वाळू मागं लोटायची, थांबायचं, पुन्हा लोटायची. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. मी व्हिडिओ काढून पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला. फेब्रुवारीनंतर तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

"काकू, पोट दिव्यासमोर धरून बघा. दोन पांढरे गोळे दिसतात का?"

मी मोबाईलचा उजेड खालून धरला. कातडीतून दोन लांबट पांढुरक्या सावल्या दिसत होत्या. "दिसतात."

मग ती म्हणाली, "नवाब मादी आहे, काकू. अंडी आहेत."

"नर नसताना?"

"नर नसला तरी येतात. त्यातून काही निघत नाही. पण घालावी लागतात. अडकली तर..." ती थांबली. "तुम्ही एक डबा घ्या. त्यात ओली माती भरा, झाकणाला भोक पाडा आणि आत ठेवा. लगेच."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. कॅल्शियम कमी असलं की अंडं बाहेर ढकलायला जोर पुरत नाही. दोन दिवस वाट बघा, नाहीतर हैदराबाद गाठा. त्या दोन दिवसांत हे चारदा कोठीत डोकावले आणि चारदा मी त्यांना बाहेर काढलं. पूजा आटोपल्यावर ते जरा जास्त वेळ बसून राहायचे. काय मागत होते, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला डब्यातली माती नीट सारखी केलेली दिसली आणि नवाब खापराबाहेर पडून होता, पोट सपाट, कातडी सैल. मी चमच्यानं माती बाजूला केली. दोन अंडी. मऊ, चामड्यासारखी, चिकूच्या बीपेक्षा थोडी मोठी. मी ह्यांना हाक मारली. ते आले, बघत राहिले.

"आपल्या घरात अंडं आलं," ते म्हणाले.

मला हसू आलं, मग त्यांनाही आलं, आणि आम्ही दोघं म्हातारे त्या कोठीत ज्वारीच्या पोत्यांना टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. अंडी चार दिवसांत सुकून चपटी झाली. ह्यांनी ती कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरली.

एप्रिल संपताना मी नवाबला परत द्यायला नांदेडला निघाले. सकाळची पहिली बस, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचावं. खोकं मांडीवर. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. दोन्हीकडे काळी, उलटून टाकलेली रानं, मध्येच हिरवा उसाचा तुकडा. मी झाकण उघडून बघितलं नाही. पोटाशी धरून बसले. तिची परीक्षा आठ दिवसांवर होती. ती देणार का नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

दुकान पुढं, घर मागं. नाझियाच्या चेहऱ्यावर थोडी तकाकी आली होती. तिनं खोकं घेतलं, नवाबला तळहातावर घेतलं. तो तिच्या मनगटावर पोट टेकून बसला आणि त्यानं पापण्या अर्ध्या मिटल्या. ओळखलं का नाही, कोण सांगणार? हाताच्या उबेलाही तसं करतात, असं तीच मला मागं म्हणाली होती.

तिची आई चहा घेऊन आली. वडील गळ्यात टेप तसाच ठेवून समोर बसले. लहान पोरांच्या खाकी चड्ड्यांचा ढीग बाजूला होता.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं ऐकते ही. समजवा ना. तीन वर्षं झाली. आता आठ दिवसांसाठी बसायला काय होतंय? नुसतं देऊन टाक म्हणावं."

आई माझ्याकडे बघत होती. नाझिया नवाबकडे बघत होती. मी शाळेत असताना अशा प्रसंगी किती बोलले असेन. प्रयत्न सोडू नये, एक परीक्षा म्हणजे आयुष्य नव्हे, दोन्ही बाजूंची वाक्यं माझ्याकडे तयार असायची आणि समोरचं पोर बघून मी त्यातलं एक काढायची.

"काकू," नाझियानं मान वर केली, "देऊ का नको?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांचा विश्वास मोडला. कदाचित मोडलाही असेल. "खरंच माहीत नाही गं. मी दोन महिने पाल सांभाळली, ती आजारी म्हणून भेदरली होती का भेदरून आजारी पडली होती, ते मला अजून माहीत नाही. तुझं मी काय सांगू?"

आतल्या खोलीत शिलाईचं एक मशीन चालू होतं, ते थांबलं. मग नाझिया वडिलांकडे वळून हळू म्हणाली, "अब्बा, यंदा नको."

त्यांनी गळ्यातला टेप काढला, बोटाला गुंडाळत राहिले, पुन्हा सोडला. "मग काय करशील?"

"ते पण माहीत नाही अब्बा अजून."

"चहा घ्या बाई," ते मला म्हणाले. "थंड होऊन राहिला."

परतीच्या बसमध्ये मी सगळा रस्ता स्वतःला विचारत होते, की मी चांगलं केलं का. हिंमत देऊन बघायला पाहिजे होती का? एखादी दुसरी बाई असती, धीराचं बोलली असती, तर पोरगी परीक्षेला बसली असती आणि पुढं कुठल्या तरी कॉलेजात गेली असती. असंही झालं असतं. पुन्हा चक्कर येऊन पडली असती, तसंही झालं असतं. मांडी हलकी हलकी वाटत होती, आणि लातूर येईपर्यंत माझे दोन्ही हात नुसते एकमेकांत धरलेले होते.

ती परीक्षेला बसली नाही. जूनमध्ये दुकानात गणवेशांची गर्दी उसळली तेव्हा पोरांची मापं घेत होती. मग नांदेडलाच बीएस्सीला प्रवेश घेतला. तिचे वडील तेव्हापासून माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. ईदला मात्र कुणाच्या तरी हाती शेवया पाठवल्या, सोबत चिठ्ठी, "बिगर अंड्याच्या आहेत." शेवयांत अंडं असतं का, मला माहीत नाही. पण त्यांनी ते लिहिलं.

आणि काल दुपारी नाझियाचा फोन आला. नवाब खातो, म्हणाली. अजूनही आम्ही दोघी तिला 'तो'च म्हणतो. मग म्हणाली, "काकू, परीक्षेचा फॉर्म भरला मी. अब्बांना सांगितलं न्हाई. तुम्हालाच पहिल्यांदा."

"का भरलास?"

"माहीत न्हाई. बसून बघावं वाटलं. या वेळी कुणी बस म्हटलं नव्हतं, म्हणून असेल."

"खोली ठेवू का?"

"नको. इथूनच देते."

"बरं," मी म्हटलं. फोन ठेवला आणि तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले. पुन्हा डबे भरलेले परत जातील का, चक्कर येईल का, का या वेळी खरंच वेगळं असेल. पोरगी धीट झाली की जुन्या खड्ड्याकडे परत चालली, यातलं एकही मला पक्कं धरता येईना.

हे बाहेरून आले. माझं तोंड बघून विचारलं, "कोणाचा फोन?"

"नाझियाचा. फॉर्म भरला म्हणते."

ते चपला काढता काढता थांबले. "मग? आपण खुश व्हायचं का?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "मला कळू द्या."

ते माझ्या शेजारी पायरीवर बसले.